एकच वर्ष, दोनदा मोजलेलं

अमेरिकेत दरवर्षी थोडी मुलं अशी निघतात, जी कॉलेजची पदवी पुरी न करताच डेंटलच्या वर्गात जाऊन बसतात. वाचून तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? आपल्याकडे तर सगळीच तशी जातात. बारावी झाली, नीट दिली, कॅप राउंडमध्ये बीडीएसला नंबर लागला की अठराव्या वर्षी मुलगी पांढरा ॲप्रन विकत घेते. चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, आणि नावाआधी डॉक्टर लागलं!

पण तिकडचा रिवाज बघा. शाळा संपली की आधी चार वर्षं कॉलेज. जीवशास्त्र शिका, नाहीतर संगीत शिका, पण पदवी घ्या. मग पुढे डेंटलची चार वर्षं. आठ झाली. मुलगा पहिल्यांदा स्वतःच्या नावाची पाटी लावतो तोवर सव्वीस वर्षांचा झालेला असतो. अशा देशात एखादी विशीतली मुलगी म्हणते, माझं कॉलेजचं चौथं वर्ष राहू दे, मला आत्ताच घ्या. आणि काही डेंटल कॉलेजं तिला खरोखर घेतात! कशी काय? नियम मोडून? मुळीच नाही. नियमाचं बोट धरूनच.

हे समजायला आधी विचारायला हवं, की अमेरिकेत पदवी मोजतात कशाने. वर्षांनी, असं आपल्याला वाटतं. ते मोजतात क्रेडिटने. एखाद्या विषयाचे आठवड्याला तीन तास, असे पंधराएक आठवडे, की खात्यात तीन क्रेडिट पडतात. साधारण १२० क्रेडिट झाले की पदवी. दूधवाल्याच्या कार्डावर रोज खूण पडत जाते आणि शेवटी खुणांची बेरीज होते, तसला हा प्रकार. कार्डावर ‘चौथं वर्ष’ नावाचा रकानाच नाही.

आता डेंटल कॉलेजांच्या प्रवेशाच्या अटी काढून वाचा. पदवी असल्यास उत्तम, असं जवळपास सगळीकडे लिहिलेलं असतं. पण सक्तीची किमान अट पुष्कळ ठिकाणी ९० क्रेडिटची असते. काही ठिकाणी त्याहूनही कमी. त्या ९० मध्ये जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र हे प्रयोगशाळेसकट झालेले हवेत, आणि बऱ्याच ठिकाणी जीवरसायनही. १२० वजा ९०, राहिले ३०. बरोबर एक वर्ष. फट दिसली?

बरं, हे क्रेडिट आलं कुठून? कुणा शिक्षणतज्ज्ञाने विद्यार्थ्याच्या डोक्यात ज्ञान किती भरतं याचा अभ्यास करून ते काढलं असेल, असं वाटतं ना? ते आलं पेन्शनमधून!

पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेले अँड्र्यू कार्नेगी कॉर्नेल विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर गेले, तेव्हा प्राध्यापकांचे पगार बघून ते थक्क झाले. इतकी शिकलेली माणसं आणि म्हातारपणाला जवळ दमडी नाही. १९०५ मध्ये त्यांनी एक कोटी डॉलर काढून दिले आणि एक प्रतिष्ठान उभं केलं: निवृत्त प्राध्यापकांना पेन्शन द्यायचं. झालं, पहिल्याच दिवशी पंचाईत. पेन्शन कॉलेजच्या प्राध्यापकांना, ठीक. पण कॉलेज म्हणायचं कशाला? त्या काळात कुणीही चार खोल्या घेऊन दारावर कॉलेजची पाटी लावत असे. मग प्रतिष्ठानाने व्याख्या केली. निदान सहा पूर्णवेळ प्राध्यापक हवेत, चार वर्षांचा अभ्यासक्रम हवा, आणि आत येणाऱ्या मुलाने शाळेत अमुक इतकं शिकलेलं हवं. अमुक म्हणजे किती? एका विषयाचे वर्षभरातले १२० तास म्हणजे एक एकक, अशी चौदा एककं. पेन्शन हवं होतं, म्हणून शाळा-कॉलेजं निमूटपणे त्या मापात बसली.

१९१० मध्ये याच प्रतिष्ठानाने मॉरिस कूक नावाच्या इंजिनिअरला विद्यापीठं तपासायला पाठवलं. हा माणूस कारखान्यांतली कार्यक्षमता मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांच्या गोटातला. त्याने कॉलेजात जाऊन विचारलं, तुमचा माल किती निघतो? आणि स्वतःच माप सुचवलं: एका विद्यार्थ्याचा एक तास. आजचं क्रेडिट त्याच वळणाचं आहे. म्हाताऱ्या मास्तरांच्या पेन्शनसाठी काढलेल्या तासांच्या हिशेबावर, शंभर वर्षांनंतर, एक एकोणीस वर्षांची मुलगी डेंटलचा अर्ज भरते आहे!

यापुढची करामत तर मला फारच आवडते. समजा, आपली मुलगी ९० क्रेडिट करून डेंटलला गेली. पहिल्या वर्षी ती काय शिकणार? शरीररचना, जीवरसायन, शरीरक्रिया, ऊतिशास्त्र. अहो, हे सगळं जीवशास्त्रच की! मग तिचं जुनं कॉलेज म्हणतं, आण ते मार्क इकडे. डेंटलच्या पहिल्या वर्षाचे क्रेडिट उलटे मागे येतात, राहिलेले ३० भरून निघतात, आणि डेंटलचं एक वर्ष संपता संपता हातात जीवशास्त्राची पदवी पडते. ज्या कॉलेजात आता ती जातही नाही, त्याची! वर्ष एकच, पण डेंटलच्या खात्यात ते पहिलं आणि पदवीच्या खात्यात चौथं. तीन अधिक चार बरोबर सात वर्षांत दोन पदव्या. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाचा पेन विद्यापीठाच्या डेंटल कॉलेजशी असा करार आहे, न्यूयॉर्ककडच्या अडेल्फीचा न्यूयॉर्क विद्यापीठाशी. अशा कार्यक्रमांत पुष्कळदा शाळा सोडतानाच सशर्त जागा मिळते. अट एवढीच, की ठरलेले गुण कॉलेजात टिकवायचे आणि प्रवेश परीक्षेत ठरलेली मजल गाठायची.

करार नसलेल्या कॉलेजातूनही हे जमतं, पण त्याला छाती लागते. वेळापत्रक बघा. अमेरिकेतले डेंटलचे अर्ज एका सामायिक यंत्रणेतून जातात. ती उन्हाळ्याच्या तोंडाला उघडते आणि प्रवेशाचे निरोप डिसेंबरात सुटू लागतात. प्रत्यक्ष वर्ग सुरू होतो त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात. म्हणजे तिसऱ्या वर्षानंतर जायचं असेल, तर अर्ज दुसरं वर्ष संपताच टाकायचा. त्या वेळी खात्यात असतात साठेक क्रेडिट. बाकीचे? अर्जात लिहायचं, पुढच्या वर्षी घेणार आहे. जे विषय अजून शिकलेच नाहीत, त्यांच्या भरवशावर जागा मागायची! मिळालीच, तर ते विषय नीट पार पाडायचे. नाहीतर दिलेली जागा परत घेतली जाऊ शकते. काही हुशार मुलं शाळेतच कॉलेजच्या तोडीचे एपी अभ्यासक्रम करून ठेवतात आणि पहिल्या दिवशी खात्यात आधीच वीस-तीस क्रेडिट घेऊन येतात. त्यांचा श्वास जरा मोकळा राहतो.

आणखी एक गंमत सांगते. अक्कलदाढ साधारण सतरा ते एकवीसच्या दरम्यान उगवते, आणि तिचं मूळ पुरं व्हायला त्यानंतरही काही वर्षं जातात. म्हणजे या घाईवाल्या अर्जदारांपैकी कित्येकांच्या स्वतःच्या जबड्यात शेवटच्या दाताचं बांधकाम अजून चालू असतं, आणि हे निघाले लोकांचे दात बघायला.

प्रवेश परीक्षेचं नाव डीएटी. जीवशास्त्र, रसायन, गणित, उताऱ्यावरचे प्रश्न, हे ओळखीचंच. पण तिच्यात एक भाग असा आहे, की त्यासाठी कुठलंही क्रमिक पुस्तक उघडून उपयोग नाही. एक चौकोनी कागद मधोमध दुमडला. पुन्हा तिरका दुमडला. एका जागी भोक पाडलं. आता मनातल्या मनात उलगडा: भोकं किती आणि कुठे कुठे? पुढचा प्रश्न: चार कोन समोर आहेत, लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. बघता क्षणी सगळे सारखेच दिसतात. मग ठोकळ्यांचा एक ढीग, त्याला बाहेरून रंग दिलाय, तर कुठल्या ठोकळ्याच्या किती बाजू रंगल्या? असे सहा प्रकार, प्रत्येकाचे पंधरा, एकूण ९० प्रश्न, वेळ ६० मिनिटं. एका प्रश्नाला चाळीस सेकंद!

हा पोरखेळ कशासाठी? दाढेला कॅप बसवायची असेल, तर आधी दाढ चारी बाजूंनी घासून वर किंचित निमुळती करावी लागते. किती किंचित? समोरासमोरच्या दोन भिंती मिळून साधारण सहा अंश, असं पाठ्यपुस्तकं सांगत आली आहेत. भिंती उभ्याच ठेवल्या तर कॅप नीट बसत नाही, उतार फार झाला तर जेवताना निघून हातात येते. आणि हे करायचं कुठे? ओल्या, अंधाऱ्या, हलत्या तोंडात, जिथे एनॅमलचा थर दाढेच्या टोकावरही जेमतेम अडीच मिलिमीटर असतो. वरच्या मागच्या दाढा थेट दिसत नाहीत, त्या छोट्या आरशात बघायच्या. आरशात हाताच्या हालचाली उलट्या दिसतात आणि हाताला मात्र सुलट काम करावं लागतं. सहा अंश नजरेने ओळखणाऱ्याला कोनांचा प्रश्न विचारला, तर त्यात नवल ते काय?

पूर्वी तर कागदावर भागत नव्हतं. या परीक्षेत एके काळी चक्क खडू कोरायला लावायचे! उमेदवारापुढे खडूचा तुकडा, चाकू आणि मापं लिहिलेली आकृती. हुबेहूब तसा आकार काढायचा. देशभरातून आलेले हजारो कोरीव खडू कुणीतरी एकेक करून हातात घेऊन तपासायचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद झालं आणि दुमडलेले कागद, ठोकळे आले. शेजारच्या कॅनडाने मात्र अगदी अलीकडेपर्यंत उमेदवारांकडून साबणाच्या वड्या कोरून घेतल्या. कॅनडात डेंटलला जाऊ पाहणारी मुलं घरी पोतंभर साबण आणून बसत.

आपल्याकडे कोरणं आहेच, फक्त ते प्रवेश मिळाल्यावर. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला डोकावा. प्रत्येकापुढे मेणाचा ठोकळा, हातात लेक्रॉन कार्व्हर नावाचं हत्यार, ज्याच्या एका टोकाला पातं आणि दुसऱ्या टोकाला इवलासा खोलगट चमचा. टेबलावर, ॲप्रनवर, मोबाइलवर सगळीकडे मेणाचा चुरा. सुळा जमतो लवकर. रडवते ती वरची पहिली दाढ. वरून बघितली तर ती चौकोनी नसते, कुणीतरी चौकोन ढकलून तिरका केल्यावर दिसेल तशी असते. तिच्यावर चार उंचवटे, मधून एक तिरपा बांध, आणि काही माणसांत आतल्या बाजूला, जिभेकडे, एक चिमुकला पाचवा उंचवटा. गेऑर्ग काराबेली या व्हिएन्नाच्या दंतवैद्याचं नाव त्या उंचवट्याला दिलेलं आहे. आता लगेच जिभेने चाचपून बघा, तुम्हाला आहे का. नसला तरी काळजी नको. पण मेणात तो काढायला चुकलात, तर सर म्हणणार, रिपीट.

तर अमेरिका खडू कोरून घेई आत येण्याआधी, आपण मेण कोरून घेतो आत आल्यावर. दारात हात तपासायचा की घरात घेऊन हात घडवायचा? मला विचाराल, तर दुसरी रीत जास्त दिलदार वाटते. खडू कोरायची सवय ज्याला कुणी कधी लावलीच नाही, त्याला दारातूनच का परत पाठवायचं?

आता जरा मागे जाऊ, कारण खरी चकित करणारी गोष्ट तिथे आहे. आज ज्याला ‘लवकर’ म्हणतात, ते तिथे एके काळी लवकर नव्हतंच. अमेरिकेतलं, आणि सहसा जगातलंच म्हटलं जातं ते, पहिलं डेंटल कॉलेज १८४० मध्ये बाल्टिमोरला निघालं. होरेस हेडन आणि चेपिन हॅरिस या दोघांनी ते काढलं. पहिल्या तुकडीत पाच विद्यार्थी. व्याख्यानांचं सत्र चारेक महिन्यांचं. पुढच्याच वर्षी दोघं जण पदवी घेऊन बाहेर! आधी कॉलेजची पदवी? कुणी विचारलंच नाही. तोवर दात काढायला लोक न्हाव्याकडे, नाहीतर लोहाराकडे जात होते. चार महिने शिकलेला माणूस म्हणजे पंडितच की.

मग धंदेवाईक डेंटल कॉलेजांचं पेव फुटलं, फी भरा आणि डॉक्टर व्हा. ते निस्तरायला पुढे कोण आलं असेल? तेच पेन्शनवालं कार्नेगी प्रतिष्ठान! त्यांनी विल्यम गाइज यांना कामाला लावलं. गाइज स्वतः दंतवैद्य नव्हते, कोलंबिया विद्यापीठात जीवरसायनाचे प्राध्यापक होते. अमेरिका आणि कॅनडातलं एकेक डेंटल कॉलेज त्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं आणि १९२६ मध्ये जाडजूड अहवाल दिला. दंतवैद्यक हे वैद्यकाच्या बरोबरीचं शास्त्र आहे, ते विद्यापीठातच शिकवायला हवं, असं त्यांनी ठासून सांगितलं. आणि त्याआधी कॉलेजात किती शिकावं? त्यांनी सुचवलं, दोन वर्षं. इतका कडक माणूस, आणि मागणी दोनच वर्षांची! पुढे दोन वर्षं कॉलेज, चार वर्षं डेंटल असा साचा तिथे रूढ झाला.

मग दोनाची चार कशी झाली? बहुतांशी कुणी तसा कायदा केला म्हणून नव्हे. जागा कमी आणि अर्ज जास्त झाले, तशी पदवीवाली मुलं रांगेत पुढे सरकली. त्यांना बघून पुढच्यांनीही पदवी पुरी केली, आणि बघता बघता अर्धी वाट हीच पुरी वाट होती हे लोक विसरले. नियमाच्या पुस्तकात मात्र पदवीशिवाय शिरायचं जुनं दार पुष्कळ ठिकाणी उघडंच राहिलं. आजची घाईवाली मुलगी त्याच दारातून आत शिरते.

गाइज यांच्या अहवालाआधीच्या काळात एक बंगाली तरुणही तिथे शिकायला गेला होता. रफीउद्दीन अहमद. आयोवा विद्यापीठातून ते १९१५ मध्ये दंतवैद्य झाले, परत आले आणि १९२० मध्ये कोलकात्यात भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. पैसा कुठून आणला? त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं दुकान घातलं. आइस्क्रीम आणि गोड सोडा विकून त्यावर दातांचं कॉलेज चालवलं! दात किडवणारा आणि दात वाचवणारा माणूस एकच असल्याचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही.

इतकं सोयीचं आहे, तर सगळेच का नाही जात? कारण रांगेत उभी असलेली बहुतेक मुलं पदवीधर असतात, आणि त्यांच्याकडे एक वर्ष जास्तीचं असतं. त्या वर्षात ती दवाखान्यात डेंटिस्टच्या मागे उभी राहून काम बघण्याचे तास वाढवतात, संशोधन करतात, एखाद्या विषयातली पडझड सुधारतात. एकोणिसाव्या वर्षी अर्ज करणारीला हे सगळं दोन वर्षांत दाखवायचं असतं. शिवाय करार नसेल तर एक टांगती तलवार: डेंटल मध्येच सोडावं लागलं, तर हातात डेंटलचीही पदवी नाही आणि कॉलेजचीही नाही. दुसऱ्या बाजूला पैसा. तिथल्या कर्जबाजारी नवदंतवैद्याच्या डोक्यावर सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास कर्ज असतं. कॉलेजच्या एका वर्षाची फी वाचणं आणि एक वर्ष आधी कमवायला लागणं, ही तिथे साधी गोष्ट नाही.

सगळ्यात टोकाची घाई मात्र कॅलिफोर्नियात. पॅसिफिक विद्यापीठाचं सॅन फ्रान्सिस्कोतलं डेंटल कॉलेज उन्हाळ्याच्या लांब सुट्ट्याच देत नाही. बारा महिने वर्ग भरवून चार वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत उरकतं. त्याच विद्यापीठाच्या स्टॉक्टनच्या आवारात त्याआधीचं कॉलेज दोन वर्षांतही करता येतं. दोन अधिक तीन, पाच! शाळा सुटल्यापासून पाच वर्षांत डॉक्टर. ओळखीचा आकडा वाटतो का? आपल्या बीडीएसचीही चार अधिक एक, पाचच.

आणि तरीही नागपूरहून बीडीएस होऊन गेलेल्या मुलीला तिथल्या बहुतेक राज्यांत थेट दवाखाना थाटता येत नाही. तिचं कॉलेज तिथल्या मान्यता देणाऱ्या यंत्रणेने मान्य केलेलं नसतं, म्हणून तिला पुन्हा दोन ते तीन वर्षं डेंटलला बसवतात. परदेशी दंतवैद्यांसाठीचा दोन वर्षांचा असा वर्ग त्याच पॅसिफिकमध्येही आहे. पाच अधिक दोन, सात: तीन-चारच्या करारवाल्या मुलीइतकीच वर्षं. फक्त बीडीएसवालीला आणखी एक उंबरा ओलांडावा लागतो. पुष्कळ कॉलेजं अशा अर्जदारांची बेंच टेस्ट घेतात. पुतळ्याच्या डोक्यात बसवलेला प्लास्टिकचा जबडा, हातात फिरती ड्रिल, समोर घड्याळ, आणि कॅपसाठी घासायची एक दाढ. इथे कुणी तिचे क्रेडिट विचारत नाही. परीक्षक दाढ उचलून उजेडात धरतो आणि भिंतींचा उतार बघतो. तो बिघडला, की पुढच्या वर्षी नव्याने फी भरून पुन्हा त्याच जबड्यापुढे.